माहेरी आठ दिवस, घरात चौदा माणसं आणि माझे कमावलेले (म्हणजे गमावलेले) नऊ किलो

करवीरकन्या | २ मे, सकाळी १०:१४

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली, लग्न करून पुण्यात. मागच्या सप्टेंबरात वजन ७८ होतं, आता ६९. जादू काही नाही, रात्रीचं जेवण साडेसातला, रोज चाळीस मिनिटं चालणं आणि ऑफिसातली चार वाजताची खारी बंद. नऊ किलोला आठ महिने लागले.

आता ५ तारखेपासून आठ दिवस माहेरी सगळे जमतोय. दोन भाऊ, वहिन्या, बहीण-दाजी, सगळ्यांची पोरं, आत्या, एकूण चौदा माणसं. पन्हाळा, जोतिबा, एक दिवस नरसोबाची वाडी असा बेत ठरलाय. आणि प्रत्येक बेताच्या पुढं खाणं ठरलंय! भावानं ग्रुपवर जी यादी टाकलीय त्यात देवळं तीन आणि मिसळ-मटणाची ठिकाणं सात आहेत.

दिवाळीला चार दिवस गेले होते तर परत आल्यावर काटा तीन किलो पुढं. रडायलाच आलं. तर तुम्ही लोक घरच्यांबरोबर सुट्टीला जाता तेव्हा कसं सांभाळता? "मनावर ताबा ठेव" हे सांगू नका, ते आमचे हे रोज सांगतात. आणि आईला नाही म्हणणं हा पर्याय नाही. परवा फोनवरच म्हणाली, "आवाजावरनंच कळतंय किती वाळलीयास."

बावड्याचा_भावा | २ मे, सकाळी १०:३१

ताई, कोल्हापुरात येऊन डाएट म्हणजे रंकाळ्यावर जाऊन डोळे मिटून बसण्यासारखं हाय. या, खावा, परत जावा. वजनाचं पुण्यात बघू.

शेंगदाणा | २ मे, सकाळी १०:३३

आवाजावरून वजन ओळखणारी आई! काटा कशाला लागतो मग घरात.

फिटनेस_फिरस्ता | २ मे, सकाळी ११:०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सुट्टी, लग्न, सण, पाहुणे हे सगळे बहाणे आहेत. मी गेल्या वर्षी केरळला सात दिवस फॅमिलीबरोबर होतो, छोटा वजनकाटा बॅगेत नेला होता. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. मिसळीच्या कटावर जो लाल थर तरंगतो ना, तो दोन चमचे सहज असतो. त्यावर फरसाण, त्यावर ब्रेड. हॉटेलात सांगायचं, तेल काढून द्या. लाजायचं काय त्यात?

बावड्याचा_भावा | २ मे, सकाळी ११:०५

"तेल काढून द्या"... भावा हे कोल्हापुरात कुठल्या हॉटेलात म्हणून बघ, फक्त आधी सांग, मी बघायला येतो.

तर्रीबाज_नागपूर | २ मे, सकाळी ११:२०

तर्री काढून मिसळ खाणं म्हणजे पाप आहे बे.

उचापती | २ मे, सकाळी ११:२४

तर्री तिकडं. आमच्याकडं कट म्हणतात त्याला. आणि कोल्हापुरात मिसळीबरोबर मूळचा ब्रेड, स्लाइसवाला, पाव नंतर आला. आधी हे नीट समजून घ्या मग वजनाचं बोलू.

तर्रीबाज_नागपूर | २ मे, सकाळी ११:२६

नाव काही द्या, चढते तर सारखीच न.

चिमणी७८ | २ मे, दुपारी १२:१०

करवीरकन्या, मी ठाण्याची, पण सासर इचलकरंजी, त्यामुळे तुझं दुःख आतून कळलं. माझा अनुभव सांगते. जेवणानं तेवढं वाढत नाही, मधल्या खाण्यानं वाढतं. मागच्या मेमध्ये आम्ही ट्रॅव्हलर ठरवून गणपतीपुळ्याला गेलो होतो, सतरा माणसं. गाडी सुटून अजून आंबा घाट आला नव्हता तर भडंगची पिशवी दोनदा फिरून गेलेली. मग चकली, मग कुणीतरी करवंदं घेतली, मग ड्रायव्हरला चहा हवा म्हणून सगळ्यांना चहा आणि चहाबरोबर भजी. पोचलो तेव्हा भूक कुणालाच नव्हती, पण जेवणाची ऑर्डर आधी दिलेली म्हणून परत पोटभर जेवलो. त्या दिवशी रात्री मी मनात मोजलं तर भूक लागून असं मी एकदाही खाल्लेलं नव्हतं!

तेव्हापासून माझा एकच नियम, गाडीत तोंड बंद. म्हणजे बोलायला उघडं, खायला बंद. पाण्याची बाटली मांडीवर. पहिले दोन तास जड जातात, मग पिशवी आपल्याला टाळूनच पुढं जाते.

निवांत_आजोबा | २ मे, दुपारी १:४५

वय ७१, मंगळवार पेठ. मधुमेह अठरा वर्षे. वजनाची गोष्ट तरुणांनी बोलावी, मी वेळेची सांगतो.

गेल्या वर्षी नातवंडांबरोबर पन्हाळ्याला गेलो. सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि थोडे पोहे खाल्ले. एकला जेवू असे ठरले होते. तीन दरवाजा बघितला, अंबरखाना बघितला, सज्जाकोठीवर फोटो झाले, मग मुलांना घोड्यावर बसायचे होते. साडेतीन झाले. मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, सुनेने विचारलेले कळेना. शेजारी झुणका-भाकर विकणाऱ्या बाईंच्या लक्षात आले, त्यांनी मुठीत गुळाचा खडा दिला आणि वर पाणी. दहा-पंधरा मिनिटांत माणसात आलो. त्या बाईंनी पैसे घेतले नाहीत.

तेव्हा घरात कुणी गोळ्या घेणारे असेल तर सहलीचे जेवण ज्याच्या त्याच्या सोयीने नको, घड्याळाने करा.

डॉक्टर_पण_सुट्टीवर | २ मे, दुपारी २:२०

आजोबांचं पोस्ट सगळ्यांनी नीट वाचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर खाली जाते. गुळाच्या खड्यानं वेळ निभावली हे चांगलंच, पण तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घेतली तर आणखी लवकर चढते. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि सावरल्यावर जेवण. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. प्रवासाला निघण्याआधी गोळीची वेळ-मात्रा आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या, मला इथं विचारू नका.

आता करवीरकन्या, तुमचे दिवाळीतले तीन किलो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. तीन किलो खरी चरबी चढायला तेवीस हजार जादा लागतील, म्हणजे चार दिवस, रोजच्या जेवणाच्या वर, दिवसाला पावणेसहा हजार. तुम्ही फराळाचा डबा गादीखाली घेऊन झोपला असता तरी जमलं नसतं. मग तीन किलो कसले? बरंचसं पाणी. चिवडा, शेव, पापड, लोणचं, रस्सा यांत मीठ भरपूर, ते पाणी धरून ठेवतं. शिवाय आधी तुम्ही कमी खात होता, एकदम भात-पोळी-गोड वाढलं की यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा भरतो आणि त्याच्या दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी. आणि पोटात असलेलं अन्न, त्याचंही वजन असतंच की. आठवडाभर नेहमीसारखं खाल्लं की हे उतरतं.

परत आल्या दिवशी काट्यावर उभं राहू नका, एवढं ऐका.

करवीरकन्या | २ मे, दुपारी २:४१

डॉक्टर, हे मला दिवाळीत कुणी सांगितलं असतं तर... तीन किलो बघून मी वैतागून पंधरा दिवस चालायलाच गेलो नाही. ते पंधरा दिवस खरे महागात पडले.

उचापती | २ मे, दुपारी २:४३

"गेलो नाही". पक्की कोल्हापूरची! पुण्यात कितीही वर्षं काढा, राग आला की मुली "मी गेलो, मी आलो"वर येतातच.

करवीरकन्या | २ मे, दुपारी २:४४

ऑफिसात आवरतो मी कसंबसं. बघा, परत.

माजी_पैलवान | २ मे, रात्री ९:१५

खासबागेत कुस्त्या केलेला माणूस आहे. १९१२ सालचं मैदान ते, शाहू महाराजांनी बांधलेलं, तिथली माती अंगाला लागलीय म्हणून बोलतो. आमचा खुराक ऐकून तुम्हाला चक्कर येईल. बदाम वाटून थंडाई, तूप, दूध लिटरमध्ये, मटण. पण पहाटे चारला उठून पाचशे जोर, हजार बैठका, मग लढत, दुपारी झोप, संध्याकाळी परत तेच. खाल्लेलं अंगात राहायला जागाच नव्हती.

गुडघा गेला, कुस्ती सुटली. खुराक काय सुटला नाही. दोन वर्षांत ९२ चा ११८ झालो. वस्ताद घरी आले होते, मला बघून काय बोलले नाहीत, फक्त माझ्या आईला म्हणाले, "ह्याचं ताट लहान करा." तेव्हा लाज वाटली. आता ९८ आहे.

सुट्टीतपण तेच आहे बघा, खायचं तर खावा पण अंगाला काहीतरी काम लावा. पन्हाळ्यावर गाडी प्रत्येक दारापर्यंत नेऊ नका, एकदा खाली लावा आणि सगळा गड पायांनी फिरा.

काकू_सांगलीकर | २ मे, रात्री ९:४०

पैलवान, "ह्याचं ताट लहान करा" हे आवडलं. आमच्या ह्यांना फ्रेम करून लावते. बाकी भडंग खायची तर सांगली-जयसिंगपूरकडची, उगाच कुठलीही खाऊन वजन वाढवू नका.

शेंगदाणा | २ मे, रात्री ९:४२

माझ्याशिवाय भडंग नाही याची नोंद घ्यावी.

फिटनेस_फिरस्ता | ३ मे, सकाळी ७:३०

सगळे गमती करताय पण उत्तर कुणीच देत नाहीये. दीक्षित डाएटवाले कुठं गेले? सुट्टीत तेच सगळ्यात सोपं, दिवसात दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही.

चिमणी७८ | ३ मे, सकाळी ८:०५

आणि दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरवाल्या म्हणणार दर दोन-तीन तासांनी खा, तूप खा, आजी खायची ते खा. आमच्या घरात नणंद दीक्षितवाली आणि जाऊ दिवेकरवाली आहे. एकत्र सहलीला गेलो की एक म्हणते आत्ता जेवू नका, दुसरी म्हणते आत्ता काहीतरी खाच. मी दोघींचं ऐकते आणि दोन्ही वेळा खाते.

उचापती | ३ मे, सकाळी ८:१२

हे शेवटचं वाक्य म्हणजे माझा गेल्या दहा वर्षांचा आहार आहे.

रंकाळ्याचा_कट्टेकरी | ३ मे, सकाळी ९:५०

गमतीत नाही, दोनदा जेवण कोल्हापुरात चांगलं जमतं. सकाळी उठून रंकाळ्याला पूर्ण फेरी, माझ्या फोनवर सहा हजारांच्या आसपास पावलं होतात. साडेसहाला निघा, नंतर ऊन चढतं. घरी येऊन नुसता चहा. मग अकराला मिसळ, पण तीच जेवण म्हणून खायची, नाश्ता म्हणून नाही. मोड आलेली मटकी असते, म्हणजे अगदीच वाईट पदार्थ नाही तो. मोडतं कुठं? कट तिखट लागतो म्हणून ब्रेड वाढतो, ब्रेड सुका लागतो म्हणून परत कट येतो, आणि कट फुकट मिळतो. हे चक्र थांबवायचं असेल तर दोन ब्रेड बाजूला घेऊन उरलेले ताटलीसकट शेजारच्याला द्या. मग दुपारचं जेवण सोडून द्यायचं, ताक प्यायचं आणि थेट रात्री आठला जेवायचं. फडतरे, चोरगे, बावडा, कुठंही जा, गणित तेच.

संध्याकाळी मात्र रंकाळ्याकडं फिरकू नका. सकाळचा रंकाळा चालायचा, संध्याकाळचा भेळेचा.

बावड्याचा_भावा | ३ मे, सकाळी ९:५८

आणि गंगावेशीतलं दूध? समोर म्हैस, समोर धार, हातात फेसाळ पेला. ते तर हेल्दी हाय न्हवं?

डॉक्टर_पण_सुट्टीवर | ३ मे, सकाळी १०:३०

म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. मोठा पेला प्यायलात तर अडीचशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे छोटं जेवणच. वजनापेक्षा माझी हरकत वेगळी आहे, कच्चं दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. ब्रुसेलोसिस, क्षय हे आजार त्यातून येऊ शकतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांना तर अजिबात देऊ नका.

बावड्याचा_भावा | ३ मे, सकाळी १०:३४

डॉक्टर माझा आजा ९१ वर्षं जगला त्याच दुधावर.

डॉक्टर_पण_सुट्टीवर | ३ मे, सकाळी १०:३६

जे लवकर गेले ते सांगायला येत नाहीत भावा.

माजी_पैलवान | ३ मे, सकाळी १०:५०

डॉक्टरांचं बरोबर असेल. तरी पण धारोष्ण ते धारोष्ण. बोलून गप्प बसतो.

वहिनीच_मी | ३ मे, दुपारी ३:२०

सगळं वाचलं. मला जरा वेगळं बोलायचंय, कडू लागलं तर लागू दे.

मी "ती वहिनी" आहे. आमच्याकडं दर मेमध्ये अकरा ते पंधरा माणसं असतात, राजारामपुरीत घर, दोन खोल्या वर दोन खाली. गेल्या वर्षीचं सांगते. मोठ्या नणंदबाई भात खात नाहीत. त्यांच्या मिस्टरांना ज्वारीची भाकरीच लागते, तीपण गरम. धाकट्या नणंदेचा रात्री सातनंतर उपास. तिच्या मुलीला पास्ता. सासऱ्यांचं पथ्याचं वेगळं. आणि सासूबाईंचा हट्ट, पोरी वर्षातनं एकदा येतात म्हणून रोज काहीतरी गोड. म्हणजे सकाळी पोह्यांबरोबर उकडलेली अंडी, दुपारी भाकरी-चपाती दोन्ही, सातला एक पंगत, साडेनऊला दुसरी. गॅस दुपारी दोन ते चार बंद असायचा, बाकी चालू.

आणि प्रत्येक डाएटवालीचं ताटात उरलेलं असायचं. "वहिनी एवढं नको होतं, तुम्ही वाढलंत." अर्धी पुरणपोळी, दोन फोडी मटण, वाटीभर आमरस. ते टाकवत नाही हो. पोरांच्या ताटातलं, पाहुण्यांच्या ताटातलं, पातेल्याच्या तळातलं, सगळं उभ्या उभ्या माझ्या पोटात. त्या आठ दिवसांत मी नीट बसून जेवले असेन दोनदा. आणि वजन कुणाचं वाढलं? माझं, दोन किलो. ते पाणी नव्हतं डॉक्टर, महिन्यानंतरही तिथंच होतं.

करवीरकन्या, तुमच्या पोस्टमध्ये आई आहे, भाऊ आहे, मिसळ आहे. चौदा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या वहिन्या फक्त मोजताना आल्यात.

शेंगदाणा | ३ मे, दुपारी ३:३१

यावर माझ्याकडं विनोद नाही.

काकू_सांगलीकर | ३ मे, दुपारी ४:००

+१००. उरलेलं संपवणं हा बायकांचा चौथा वेळचा आहार आहे आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो. मी दोन वर्षांपासून पद्धत काढलीय, कुणाचंही ताट वाढायचंच नाही. भांडी मधोमध ठेवायची, ज्यानं त्यानं घ्यायचं आणि आपलं ताट आपण विसळून ठेवायचं. पहिल्या वर्षी सासूबाई रुसल्या, पाहुण्यांना वाढून घ्यायला लावलं म्हणून. आता त्याच आधी घेतात.

फिटनेस_फिरस्ता | ३ मे, दुपारी ४:२५

वहिनी, केरळला मी काटा नेला होता असं वर अभिमानानं लिहिलंय. एक लिहायचं राहिलं. तिथं आम्ही स्वयंपाकघरवालं घर घेतलं होतं आणि माझं चिकन वेगळं, बिनतेलाचं, रोज बायको करायची. आत्ता तुमचं वाचून तिला विचारलं, तुझी सुट्टी कशी झाली होती. ती म्हणाली, "कुठली सुट्टी?"

बावड्याचा_भावा | ३ मे, दुपारी ४:२८

फिरस्ता, आज पहिल्यांदा तुझ्या पोस्टला लाइक.

करवीरकन्या | ३ मे, रात्री १०:५०

वहिनीच_मी, दिवसभर हेच डोक्यात होतं. कडू लागलं नाही, लागलं तर बरोबर ठिकाणी लागलं. दिवाळीत मी मोठ्या वहिनीला सांगितलं होतं, माझ्यासाठी वेगळी मूग डाळ लाव, बिनतेलाची. तिनं लावली. चार दिवस. मी मदत म्हणून एकदा लसूण सोलला, तोपण टीव्हीसमोर बसून.

आत्ताच तिला फोन केला. म्हटलं वेगळं काही करू नको, जे होईल त्यातलंच मी खाणार, आणि दोन्ही वेळची कोशिंबीर माझ्याकडं. काकडी, गाजर, कांदा, बीट, चौदा जणांना पुरेल एवढी. ती पाच सेकंद गप्प झाली आणि म्हणाली, "बरी आहेस ना?"

निवांत_आजोबा | ४ मे, सकाळी ६:१०

उत्तम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा जो तक्ता आहे त्यातही निम्मे ताट भाज्या-फळांचे दाखवले आहे. कोल्हापुरी ताटात निम्मी जागा वाट्यांनीच जाते, म्हणून कोशिंबीर आधी वाढा, रस्सा मागून.

उचापती | ४ मे, सकाळी ८:४०

कुणीतरी पांढऱ्या रश्श्याबद्दल बोला की. तांबडा बदनाम, पांढरा साधा दिसतो म्हणून लोक वाट्यावर वाट्या पितात. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतं हो. तांबड्याला तिखट लागतं म्हणून माणूस आपोआप थांबतो, पांढऱ्याला ब्रेक नाही.

तर्रीबाज_नागपूर | ४ मे, सकाळी ८:४४

रेसिपी द्या न मग.

काकू_सांगलीकर | ४ मे, सकाळी ९:१५

आळणी पाण्याचा करायचा, म्हणजे मटण आलं-लसूण-मीठ घालून शिजवलेलं पाणी. काजू-खसखस-तीळ भिजवून गंधासारखं वाटायचं. तुपात खडा मसाला, त्यावर वाटण, मग आळणी. नारळाचं दूध शेवटी आणि त्यानंतर खळाखळा उकळायचं नाही, फुटतं. बाकी वेगळा धागा काढा, इथं पोरगी डाएटचं विचारतेय.

करवीरकन्या | ८ मे, रात्री ११:४०

कोल्हापुरातून थेट प्रक्षेपण. चौथा दिवस.

रंकाळ्याची फेरी चारपैकी तीन दिवस झाली, पहिल्या दिवशी मी आणि बहीण, आज सात जण. आत्या पण, ६८ वर्षांच्या, आमच्या पुढं. मिसळ एकदाच खाल्ली, कट्टेकरींच्या पद्धतीनं, दुपारी खरंच भूक नव्हती. पन्हाळ्याला पैलवान म्हणाले तसं गाडी एका जागी लावली, पोरांनी बोंब मारली पण फिरली. करवंदं पानाच्या द्रोणात मिळाली, ती मात्र मोजली नाहीत.

फसलं ते मटणाला बाहेर गेलो तिथं. आम्ही म्हटलं सहा थाळ्या द्या, दहा जण वाटून खातो. तर नाही म्हणाले, एका थाळीत दोघं बसणार नाहीत, नियम आहे. मग दहा थाळ्या आल्या आणि पैसे दिलेत म्हणून सगळ्यांनी संपवल्या. रस्सा परत परत वाढत होते. उठताना मला वाकून चपला घालता येईनात.

रंकाळ्याचा_कट्टेकरी | ९ मे, सकाळी ७:०५

थाळीचं आधी फोनवर विचारायचं. प्लेटवर देणारी ठिकाणं असतात, सुकं मटण दोन प्लेट आणि भाकऱ्या मोजून मागवायच्या.

बावड्याचा_भावा | ९ मे, सकाळी ७:४०

२०१९ ला मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन केलेलं गाव हाय हे. इथं थाळीत उरवणं म्हणजे... जाऊ दे. वाडीला गेला की बासुंदीचं काय ठरलंय?

करवीरकन्या | ९ मे, सकाळी ७:५२

बासुंदी खाणार. सहा महिने झाले तिची वाट बघतेय. एक वाटी, बसून, मोबाइल बाजूला ठेवून. कवठाची बर्फी ऑफिसला नेणार, घरात ठेवणार नाही.

चिमणी७८ | ९ मे, सकाळी ८:३०

आणि आईचा आग्रह? ते मूळ प्रश्नातलं राहूनच गेलं की.

करवीरकन्या | २० मे, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. आधी आकडे. १३ तारखेला परत आले आणि डॉक्टरांनी नको म्हटलं असूनही काट्यावर उभी राहिले. ७०.९. पण यावेळी रडले नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला गेले. आज सकाळी ६९.४. म्हणजे चारशे ग्रॅम, आणि त्यातली बासुंदी मला मान्य आहे.

आता आई. पहिले दोन दिवस तिचं चालूच होतं, "हे काय खाल्लंस, चिमणीएवढं." कोशिंबिरीच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरातच असायचे, तर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आईला खायला घालायचं असतं त्यापेक्षा तिला कुणीतरी तिथं ओट्याजवळ बसून बोलायला हवं असतं. टेबलावर भेटलो की ती वाढतेच, तिला दुसरं काही सुचत नाही. आत काकडी चिरत बसलो तर दोन-दोन तास गप्पा, लाडू बिडू काही निघत नाहीत. तिच्या शाळेतल्या गोष्टी मी या वयात पहिल्यांदा ऐकल्या.

मोठ्या वहिनीनं शेवटच्या दिवशी पहिल्या पंगतीला बसून जेवण केलं. वाढायला दोघे भाऊ होते. भात करपवला त्यांनी, पण वाढला.

डॉक्टर_पण_सुट्टीवर | २० मे, रात्री ९:४८

काट्यावर उभं राहू नका म्हटलं होतं. ऐकत नाही कुणी.

माजी_पैलवान | २० मे, रात्री १०:०५

आत्यांना नमस्कार सांगा. ६८ व्या वर्षी पुढं चालतात म्हणजे जुनं हाड आहे.

वहिनीच_मी | २० मे, रात्री १०:३०

वाचून बरं वाटलं. आमची मंडळी २४ ला येणार आहेत. हा धागा मी घरच्या ग्रुपवर टाकलाय, माझा आयडी कुणाला माहीत नाही. मोठ्या नणंदबाईंनी वाचून लिहिलंय, "कुठली बिचारी असेल ही वहिनी!"

उचापती | २० मे, रात्री १०:३२

आता २४ तारखेनंतरचा वृत्तान्त आल्याशिवाय धागा बंद करू नका.

वहिनीच_मी | २० मे, रात्री १०:३६

किसण्या दोन आणून ठेवल्यात.